सेसना १७२एस : टाकी किती भरायची, यावरून केलेलं परीक्षण

सेसना १७२एस हे चार सीटचं छोटं विमान विकत घेणारे, भाड्याने तास घेणारे आणि मुलाला फ्लाइंगला घालणारे आईवडील साधारण तेच ते विचारतात. इंजिन कसं आहे, कॉकपिटमधले पडदे (स्क्रीन) नवे आहेत का, तासाला किती पडतं? हे प्रश्न रास्तच आहेत. पण मी या विमानात रोज शिकवते, आणि माझ्या लेखी याचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठी गैरसमजाची जागा एकच आहे, ती म्हणजे पंखातल्या टाक्या. त्या कुठे बसवल्या आहेत आणि आपण त्या किती भरतो, यावर विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे आमच्या भाषेत सीजी, कुठे पडेल हे ठरतं. म्हणून हे परीक्षण टाकीपुरतंच आहे.

आधी थोडं मोजमाप. १७२एसमध्ये सगळी अंतरं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, पुढच्या बाजूपासून इंचांत मोजतात. पुढच्या सीट साधारण ३७ इंचांवर, मागची सीट ७३ इंचांवर, सामानाची पहिली जागा ९५ इंचांवर, तिच्या मागची दुसरी १२३ इंचांवर. आणि इंधन ४८ इंचांवर. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. सगळे मोमेंट मिळवून एकूण वजनाने भागले की सीजी मिळतो. नॉर्मल कॅटेगरीत, म्हणजे नेहमीच्या उड्डाणात, तो मागे ४७.३ इंचांच्या पलीकडे जाता कामा नये. पुढची मर्यादा वजनाप्रमाणे सरकते : १९५० पाउंडांपर्यंत ३५ इंच, आणि तिथून सरळ रेषेत वाढत २५५० पाउंडांना, म्हणजे कमाल वजनाला, ४१ इंच.

आता इंधनाचा ४८ हा आकडा आणि मागची मर्यादा ४७.३ शेजारी ठेवून पाहा. टाकी मर्यादेच्या जेमतेम मागे आहे. या दोन आकड्यांतच या विमानाचा स्वभाव आहे. टाकी सीजीपासून फार लांब नाही, त्यामुळे इंधन भरल्याने किंवा जळल्याने सीजी फारसा हलत नाही. आणि जेवढा हलतो तेवढा बऱ्या दिशेला हलतो, कारण इंधन जळत जाईल तसा तो पुढे सरकतो.

उदाहरण आमच्याच विमानाचं घेते. रिकामं वजन १६७० पाउंड, रिकामा सीजी ४० इंच. पुढे मी आणि विद्यार्थी, दोघांचे मिळून ३४० पाउंड, म्हणजे १५४ किलो. टाकी फुल, वापरता येण्याजोगं ५३ गॅलन, म्हणजे ३१८ पाउंड. एकूण २३२८ पाउंड आणि सीजी ४०.६५ इंचांवर. आता समजा टाकी पूर्ण रिकामी झाली, तर सीजी ३९.४९ वर येतो. शिगोशीग टाकीपासून शेवटच्या थेंबापर्यंत सगळा प्रवास जेमतेम ३ सेंटिमीटरचा! दोन तासांच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे लांबच्या उड्डाणात, तासाला ३४ लिटरच्या हिशेबाने इंधन जळलं, तर सीजी फक्त ९ मिलिमीटर पुढे येतो. विद्यार्थ्याला ते ट्रिम व्हीलवर (नाकाचा तोल साधायच्या चाकावर) जाणवतसुद्धा नाही.

आता हेच पहिल्या सोलोला, म्हणजे विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला, ताडून पाहा. मी उतरते, दार लावते, आणि उजव्या सीटवरचं माझं वजन जातं. विमान ७७ किलोंनी हलकं होतं आणि सीजी ७ मिलिमीटर मागे सरकतो. म्हणजे दोन तासांचं इंधन त्याला जेवढं पुढे नेतं, जवळपास तेवढंच माझं उतरणं त्याला मागे नेतं. मुलं सांगतात, "मॅम, विमान एकदम उडालंच." त्यात मुख्य वाटा कमी झालेल्या वजनाचा असतो, पण सीजीचाही थोडा असतो, आणि हे आधी कागदावर करून पाहिलेल्या मुलाला त्या क्षणी धक्का बसत नाही. म्हणून माझ्याकडे सोलोच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने दोन ट्रिम शीट (वजन आणि सीजीचा हिशेब) भरायच्या असतात, एक माझ्यासकट आणि एक माझ्याशिवाय.

टाकीची ही जागा किती भाग्याची आहे ते दुसरी विमानं पाहिली की कळतं. बीचक्राफ्ट बोनान्झाच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेत, सीजीच्या पुढे आहेत. तिथे इंधन जळेल तसा सीजी मागे सरकतो. निघताना सगळं मर्यादेत असतं आणि उतरताना मर्यादेबाहेर जाऊ शकतं. मागच्या सीटवर माणसं आणि सामान असेल तर बोनान्झाच्या पायलटला उतरतानाचा सीजी वेगळा काढावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँगमध्ये लांब पल्ल्यासाठी पायलटच्या पाठीमागे ८५ गॅलनची टाकी बसवली. ती भरलेली असली की सीजी इतका मागे जाई की विमान अस्थिर होई, म्हणून ती आधी रिकामी करत. आणि कॉनकॉर्डमध्ये तर इंधन हेच सीजी हलवायचं साधन होतं. ध्वनीच्या वेगापलीकडे जाताना उचल देणारं केंद्र मागे सरकतं, म्हणून सुमारे २० टन इंधन पुढून शेपटीतल्या टाकीत पंपाने मागे नेत आणि वेग कमी करताना परत पुढे आणत. या सगळ्यांच्या मानाने १७२ला इंधनाचा जाच नाही. पंख वर, टाकी पंखात, इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, आणि सिलेक्टर (टाकी निवडायची कळ) 'बोथ'वर ठेवला की दोन्ही बाजूंनी येतं. शिकाऊ मुलासाठी यापेक्षा क्षमाशील रचना मला माहीत नाही.

मग तक्रार कुठे आहे? या क्षमाशीलपणामुळे लोक टाकीकडे पाहायचंच सोडून देतात, तिथे. "फुल कर" हे ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे. फुल म्हणजे सुरक्षित, असं मनात पक्कं बसलेलं असतं. एका विद्यार्थ्याचे वडील मुलाला लायसन्स मिळाल्यावर आले होते. मोठ्या प्रेमाने म्हणाले, "मॅडम, आम्ही घरचे चौघं बसतो, हा उडवेल. टाकी फुल करून ठेवा, मध्ये काही कमी पडायला नको." मी त्यांना टेबलाशी बसवलं आणि कागद काढला.

पुढे दोघं, ३४० पाउंड. मागे दोघी, ३२० पाउंड. सामानात दोन बॅगा, ४० पाउंड. इंधनाशिवायच वजन झालं २३७० आणि सीजी ४४.९५. कमाल वजन २५५०. म्हणजे इंधनासाठी उरले १८० पाउंड, ३० गॅलन, साधारण ११४ लिटर. फुल टाकी केली असती तर वजन २६८८ पाउंड झालं असतं, म्हणजे १३८ पाउंड, जवळजवळ ६३ किलो जास्त. आणि या फुल टाकीने सीजी किती हलला असता? ४५.३१ वर गेला असता, म्हणजे मर्यादेच्या चांगला आत. ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. नुसता सीजी पाहणाऱ्याला हे विमान ठीक वाटतं, आणि ते ६३ किलोंनी ओव्हरलोड असतं. खानदेशात मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो, हवा पातळ झालेली असते, तेव्हा ते जास्तीचे ६३ किलो धावपट्टीच्या टोकाला दिसतात. काकांना मी सांगितलं, "११४ लिटर भरू. ४५ मिनिटांचं राखीव सोडून अडीच तास उडता येईल, आणि तुमच्या फेरीला तेवढं पुष्कळ झालं." ते समजूतदार होते. मुलाकडे वळून म्हणाले, "हे तुला येतं ना काढता?" त्याला येत होतं.

तिघांचा हिशेब मात्र मनासारखा जमतो. पुढे दोघं, मागे एक १५० पाउंडांचा माणूस, ४० पाउंडांचं सामान आणि टाकी फुल : २५१८ पाउंड, सीजी ४३.४४. सगळं आत. म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, हे चार सीटचं विमान आहे, पण फुल टाकीने ते तीन मोठ्या माणसांचं आहे. चौथा बसला की टाकी कमी करायची.

आता या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, स्पिन, म्हणजे उचल गमावलेलं विमान गिरक्या घेत खाली येतं ती अवस्था. १७२एसमध्ये स्पिनची परवानगी आहे, पण यूटिलिटी या जास्त कडक मर्यादांच्या कॅटेगरीत. तिथे कमाल वजन २२०० पाउंड, मागची सीट आणि सामानाची जागा रिकामी, आणि सीजीची मागची मर्यादा ४७.३ नव्हे तर ४०.५ इंच. जवळजवळ सात इंचांनी पुढे! कारण सीजी जितका मागे, तितकं शेपटीचं हत्यार बोथट होतं. शेपूट आणि सीजी यांच्यातलं अंतर कमी होतं, एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या पात्याची, पकड कमी होते, आणि स्पिनमध्ये नाक खाली यायला नाखूष होतं. उसाच्या बैलगाडीत मोळ्या आसाच्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, मग बैल कितीही ताकदीचे असोत. स्पिनमध्ये मागे गेलेल्या सीजीचं तसंच असतं. आणि रस्त्यावर निदान थांबून मोळ्या पुढे सरकवता येतात.

मघाच्या दोघांचाच हिशेब या चौकटीत बसवून पाहा. पुढे ३४० पाउंड, टाकी फुल : वजन २३२८, सीजी ४०.६५. नॉर्मल कॅटेगरीत निवांत असलेलं तेच विमान यूटिलिटीत वजनानेही बाहेर आणि सीजीनेही बाहेर. इथे टाकीचं ४८ इंचांवर असणं आपल्या विरुद्ध जातं, कारण ४०.५ च्या मानाने ती खूप मागे आहे. भरलेला प्रत्येक लिटर सीजीला मागच्या रेषेकडे ढकलतो. टाकीच्या तोंडातल्या पट्टीपर्यंत भरलं, म्हणजे ३५ गॅलन, तर सीजी ४०.३०, आत आला. पण वजन २२२०. टॅक्सीत, म्हणजे धावपट्टीपर्यंत जाताना, ८ पाउंड जळालं तरी १२ पाउंड जास्तच. या दोघांना स्पिनला जायचं असेल तर जास्तीत जास्त १९० पाउंड इंधन, सुमारे १२० लिटर. तेव्हा वजन बरोबर २२०० आणि सीजी ४०.२३. मागच्या मर्यादेपासून फक्त पाव इंच! जोडी थोडी भारी असेल, समजा दोघं मिळून १७२ किलो, तर ९५ लिटरच. तासाभराच्या सॉर्टीला (उड्डाणाला) आणि राखीवला तेवढं पुरून उरतं.

म्हणजे स्पिनच्या दिवशी टाकीत किती आहे हा प्रश्न "पुरेल का" असा नसतो, "जास्त तर नाही ना" असा असतो. आदल्या सॉर्टीनंतर कोणी सवयीने फुल करून ठेवलं असेल तर मी त्या विमानात स्पिन करत नाही. त्या दिवशी सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) करतो किंवा क्रॉस कंट्री उडतो, इंधन आपोआप कमी होतं. या नियमावर आजपर्यंत कोणी माझ्याशी वाद घातला नाही, आणि घातला असता तरी मी ऐकलं नसतं.

टाकी भरण्याची सोय कशी आहे? बरी आहे. स्ट्रटवरच्या (पंखाला टेकू देणाऱ्या दांड्यावरच्या) आणि बॉडीवरच्या पायरीवर पाय ठेवून वर चढायचं, पंखावरचं झाकण फिरवून काढायचं. आत तोंडाखाली धातूची एक छोटी पट्टी लोंबते. निळसर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) तिच्या खालच्या कडेला टेकलं की त्या बाजूला साडेसतरा गॅलन वापरता येण्याजोगं झालं, दोन्ही मिळून ३५. ही पट्टी फार उपयोगाची वस्तू आहे, कारण फुल आणि रिकामं यांच्या मधली एक ठाम खूण नुसत्या डोळ्यांनी मिळते. त्याखालचं सगळं डिपस्टिकने. डिपस्टिक त्याच विमानासाठी खुणा केलेली हवी, आणि विमान सपाट जागी उभं हवं. ॲप्रनला उतार असेल तर एका बाजूची टाकी खोटं सांगते. शिवाय सिलेक्टर 'बोथ'वर राहिला तर इंधन वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जातं आणि कधी वाहूनही जातं. पार्क करताना तो लेफ्ट किंवा राइटला करायला मी प्रत्येकाला लावते.

माप मात्र डोकेदुखी आहे. पुस्तिका गॅलन, पाउंड आणि इंच बोलते. आमचा बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, लिटर बोलतो. विद्यार्थी स्वतःचं वजन किलोत सांगतो. एकाच ट्रिम शीटवर तीन भाषा. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ याच गोंधळात हवेत कोरडं पडलं. लिटरचं वजन काढताना ०.८ किलोच्या जागी १.७७ हा पाउंडाचा गुणक लावला गेला, आणि लागणार होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते निघालं. पायलटांनी ते गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरवलं, सगळे वाचले. ॲव्हगॅसचा गुणक वेगळा : गॅलनला ६ पाउंड, लिटरला ०.७२ किलो. आमच्या बाउझरवरचे काका अनुभवी आहेत, तरी मी मुलांना सांगते की काकांना लिटरचा आकडा आधी सांगा, मग पाइप उघडायला सांगा, आणि मीटर थांबल्यावर तोच आकडा मोठ्याने वाचा. या बाबतीत डायमंड डीए-४० मला आवडतं, त्याच्या पुस्तिकेत मीटर आणि किलो आहेत. सेसनाने आपल्याकडे येणाऱ्या विमानांसाठी तसा तक्ता दिला तर मी लगेच एक तारा वाढवेन.

दुसरी उणीव पडद्यांची. विमानातल्या जी-१००० या पडद्यांच्या संचावर किती इंधन उरलं याचा हिशेब दिसतो, पण तो हिशेब आपण सुरुवातीला जो आकडा भरला त्यातून खर्च वजा करून येतो. भरतानाच चुकीचा आकडा दिला तर पडदा तीच चूक शेवटपर्यंत सुबक अक्षरांत दाखवत राहतो. सीजी कुठे आहे हे तर आमच्या विमानातला पडदा सांगतच नाही. एवढ्या महागड्या पॅनेलकडून ही अपेक्षा चुकीची नाही. तोवर कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर. मुलं फोनवरची ॲप वापरतात, माझी हरकत नाही. फक्त ॲपमध्ये आपल्याच विमानाचं रिकामं वजन भरलंय की नमुन्याचं, हे मी उघडून बघते.

एकूण पाचपैकी चार तारे. टाकीच्या जागेसाठी पाचच दिले असते, एक तारा मापांच्या खिचडीसाठी आणि मुक्या पडद्यासाठी कापला.

भाड्याने तास घ्यायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. १६७० आणि ४० हे वरचे आकडे आमच्या विमानाचे आहेत, तुमच्या समोरच्या विमानाचे नव्हेत. नवा रेडिओ, दुरुस्ती, रंग, जाजम, सगळ्याने रिकामं वजन आणि रिकामा सीजी बदलतो. एकाच कंपनीची, एकाच वर्षाची शेजारी उभी असलेली दोन विमानंही सारखी भरत नाहीत. यूटिलिटीत पाव इंचाचाच खेळ असल्यामुळे हा फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो. म्हणून पैसे भरायच्या आधी त्या रजिस्ट्रेशनचा सगळ्यात ताजा वेट रिपोर्ट मागा, त्यावरची तारीख बघा, तारखेनंतर विमानात काही बसवलं किंवा काढलं का ते विचारा, आणि आपली शीट त्या आकड्यांवर भरा. रिपोर्ट दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरीकडे तास घ्या.